बिननावाची चिठ्ठी

१ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून मी पोलिसांचा माणूस झालो. तसं ठाण्यात कोणी म्हणालं नाही, पण एक टोपी मिळाली, गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं आणि एक शिट्टी. शिट्टी घरी येऊन एकदाच वाजवली. कुसुम आतून ओरडली, "अहो, गॅस बंद करा, कुकर झाला." या बाईला माझ्या कुठल्याच हुद्द्याचं कधी कौतुक नव्हतं. एकोणचाळीस वर्षं पोस्टात काढून सब-पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालो, तेव्हा निरोपसमारंभात ती शेजारणीला लोणच्याची कैरी कुठून आणली ते विचारत होती.

झालंय असं, की आमच्या ठाण्याने फ्रीगंज वस्तीतल्या रहिवाशांसाठी आणि मुलांसाठी एक वर्ग सुरू केला आहे. दर शनिवारी संध्याकाळी पाचला, शाळेच्या हॉलमध्ये. मोठ्यांनी फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे, मुलांनी मोबाईल कसा जपून वापरायचा, असं सगळं. चालवणार सब-इन्स्पेक्टर तेजस्विनी परमार. वय अठ्ठावीसच्या वर नसेल. हळू बोलते, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. मदतीला आमच्यासारखी पाच-सहा रिकामटेकडी मंडळी घेतली आहेत.

हॉलच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवली आहे. तिच्यावर 'बेझिझक', म्हणजे न संकोचता, असं रंगवलंय. मुलांनी मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायचा. नाव घालायचं नाही. मॅडम म्हणाल्या, "उल्टे हाथ से लिखना बच्चों, ताकि मम्मी भी राइटिंग ना पहचाने." पोरं खूप हसली. दर शुक्रवारी पेटी उघडायची, चिठ्ठ्या स्वच्छ अक्षरात उतरवायच्या आणि यादी मॅडमना द्यायची, हे काम माझ्याकडे आलं. शनिवारी त्या सगळ्यांसमोर उत्तरं देणार. मला मात्र दोनदा बजावलं, "अंकलजी, किसने लिखा है, ये ढूंढना नहीं है." मी म्हटलं, मॅडम, उभ्या जन्मात दुसऱ्याचं पत्र फोडलेलं नाही.

आमची देवश्रीपण वर्गाला आली होती. आल्हादची, म्हणजे माझ्या मुलाची, बँकेने रीव्याला बदली केली, तेव्हा पोरीची शाळा मोडायला नको म्हणून ती आमच्याकडे राहिली. आता अकरावीत आहे. शेवटच्या रांगेत बसली होती. मी टोपी घालून उभा होतो, याची तिला लाज वाटली असावी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ठाण्याची माणसं सोमवारच्या सवारीच्या, म्हणजे देवाच्या पालखीच्या, बंदोबस्तातून आज मोकळी झाली, म्हणून रहिवाशांची बैठक आज झाली. मॅडम समजावत होत्या की पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत. मागच्या गल्लीतल्या अक्का, वय ब्याऐंशी, उठून म्हणाल्या, "बेटा, वो सब ठीक है, पर हमारी छत पे बंदर आते हैं, उनको कौन अरेस्ट करेगा?" मॅडमनी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. मला ती मुलगी आवडली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिल्यांदा पेटी उघडली. तेवीस चिठ्ठ्या. अक्षरं बघून वाटलं कोंबड्या नाचून गेल्या. एकाने विचारलंय, हेल्मेटने केस गळतात का. एकीने, पोलिसांत जायला उंची किती लागते. आणि एकाने, परमार मॅडमचं लग्न झालंय का! तीही उतरवली. आपलं काम उतरवायचं.

एक मात्र उतरवली नाही. आलेखाच्या कागदावर, जांभळ्या शाईत: "फोटो मैंने ही भेजे थे। तो गलती मेरी मानी जाएगी क्या? घर पर बताए बिना पुलिस को बता सकते हैं?"

किती तरी वेळ ती हातात धरून बसलो. हे काय सगळ्यांसमोर वाचण्यासारखं आहे? दीडशे पोरं एकमेकांकडे बघत बसतील, ही कोण म्हणून. त्या मुलीला उत्तर नको आहे, आधार हवा आहे, आणि तो तिच्या घरच्यांकडूनच मिळू शकतो. चिठ्ठी पाकिटात घालून खिशात ठेवली. मॅडमना यादी दिली. बावीस.

संध्याकाळी चहाच्या वेळी देवश्रीने विचारलं, "आजोबा, त्या पेटीतलं कोण वाचतं?" म्हटलं, मीच. ती बघतच राहिली. म्हटलं, "घाबरतेस काय? डाव्या हाताचं अक्षर कोणाच्या बापाला ओळखू येत नाही. मी फक्त उतरवून देतो." मग म्हणाली, "सगळं देता?" मी म्हटलं, "सगळं." खोटं बोललो, पण आतली गोष्ट पोरीला कशाला सांगायची. तिने चिवडा तसाच ठेवला. हल्ली खाणं कमी झालंय हिचं. वेळी-अवेळी मोबाईल बघत जेवलं की भूक मरते, असं मी कुसुमला म्हटलंसुद्धा.

८ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमनी बावीसच्या बावीस प्रश्नांची उत्तरं दिली, लग्नाच्या प्रश्नाचंही. (झालेलं नाही, आणि त्याचा तपास कोणी करू नये.) देवश्रीची चाचणी आहे सोमवारी, तरी आली आणि शेवटपर्यंत बसली. सगळे उठले तरी बसून होती. मी म्हटलं, "चल, संपलं." म्हणाली, "एवढेच प्रश्न होते?" मला बरं वाटलं. पोरीला समाजकार्यात रस येऊ लागला आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

त्या पाकिटाने माझी झोप उडवली आहे. मॅडमनी सांगितलं शोधायचं नाही. पण पोस्टातला माणूस आहे मी. पत्ता न लागणाऱ्या पत्रांसाठी आमच्याकडे वेगळं ऑफिस असतं. तिथे ती पत्रं उघडतात, आत नाव-गाव काही सापडतं का बघतात आणि मालकापर्यंत पोचवतात. तिथे पत्र उघडणं गुन्हा नाही, कर्तव्य आहे. बिननावाची चिठ्ठी म्हणजे दुसरं काय? ज्या पत्रावर फक्त 'देवास गेट वाली मौसी को मिले' एवढंच लिहिलं होतं, ते मी दोन दिवसांत मौसीच्या हातात दिलं होतं. लोक आजही सांगतात. निदान मी तरी सांगतो.

तर कागद. आलेखाच्या रेघा सहसा हिरव्या असतात. या तपकिरी आहेत. टावर चौकात श्रीकांत मोघ्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. आज मुद्दाम गेलो. तो म्हणाला, "काका, तपकिरी रेघांचा माल जुना आहे, विकत नाही. दोन पॅड उरले होते, ते स्नेहाला दिले." स्नेहा म्हणजे त्याची मुलगी, आमच्या देवश्रीच्या वर्गातली. आणि गल्ल्यावर काय ठेवलं होतं? जांभळ्या शाईचं पेन. "स्नेहाचंच," तो म्हणाला, "पोरगी कुठेही विसरते."

मी पेन्सिलीचं एक पाकीट घेऊन निघालो. लहानपणी फ्रॉक घालून आमच्याकडे भोंडल्याला यायची ती पोर!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुन्हा तोच कागद, तीच शाई. "मेरे सवाल का जवाब नहीं आया। अब वो कह रहा है २५ तारीख तक मिलने नहीं आई तो सबको भेज देगा। प्लीज़।"

'प्लीज़' दोनदा गिरवलंय. ही चिठ्ठीही यादीत नाही घातली. आता यादीचं काम राहिलं नाही, आता धावायचं काम आहे. अकरा दिवस आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी श्रीकांतच्या घरी जाऊन आलो. त्याला गच्चीवर नेलं, शपथ घातली की पोरीवर हात उगारायचा नाही, आणि दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या. त्याने दोनदा वाचल्या. मग पायरीवर बसला. शेवटी वाकून माझ्या पाया पडला, म्हणाला, "काका, तुम्ही घराची अब्रू वाचवली." मलाही भरून आलं. मॅडमना उद्या-परवा सांगेन. आधी घरच्यांना सावरू दे.

येताना पोहे-जिलेबी आणली. देवश्रीला म्हटलं, आज एका मुलीचं मोठं संकट टळलं. ती एकदम म्हणाली, "कोणाचं? कसं टळलं?" मी म्हटलं, "नाव नाही सांगायचं. गुप्तता म्हणजे गुप्तता." ती काल वर्गालाही आली होती आणि येताना माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. या वयात मुलांना कशाचाही राग येतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

देवश्री शाळेतून आली ती दप्तरासकट माझ्यासमोर उभी राहिली. "आजोबा, स्नेहाचा फोन तिच्या बाबांनी काढून घेतला. कोचिंग बंद. तिला धारला आत्याकडे पाठवून राहिलेत, शाळा पण तिकडेच. कोणीतरी जाऊन त्यांना काहीतरी सांगितलं. ती रडून रडून सांगते आहे की मी काही केलंच नाही, तर कोणी ऐकतच नाही."

मी वर्तमानपत्र नीट घडी केलं. म्हटलं, "असं सुरुवातीला सगळेच म्हणतात."

"पण तिने खरंच नाही केलं."

"तुला काय ठाऊक?"

तिने दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे जिने कोणी लिहिलं, तिने नसतं लिहिलं तेच बरं होतं. है ना?"

मी म्हटलं, नाही गं, असं नसतं. पण का नसतं ते मला सांगता येईना. मी गेलो होतो हेही सांगितलं नाही. खरं लिहायचं तर धीर झाला नाही. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. कुसुम म्हणाली, "पोरगी वाळून चालली आहे, तुमच्या डोळ्यांना दिसतं की नाही?" म्हटलं, मैत्रीण दूर जाणार म्हणून असेल.

आत्याकडे पाठवायला मी सांगितलं नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

परमार मॅडमनी ठाण्यात बोलावलं. समोर स्नेहाची आई बसली होती, डोळे सुजलेले. ती नवऱ्याच्या नकळत स्नेहाचा फोन घेऊन आली होती, "देख लीजिए मैडम, इसमें कुछ है क्या" म्हणून. मॅडमनी सगळा फोन तपासला होता. त्यात काही नव्हतं. ना फोटो, ना कोणी माणूस, ना पुसलेलं काही. स्नेहाने चिठ्ठीच लिहिली नव्हती. पॅड घेऊन ती वर्गात जायची आणि अर्धा वर्ग तिच्याकडून पानं फाडून घ्यायचा.

स्नेहाची आई गेल्यावर मॅडमनी दार लोटलं. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"अंकलजी, वो दो पर्चियां लिस्ट में क्यों नहीं थीं?"

मी आधाराचं, घराण्याच्या अब्रूचं काहीबाही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उसने दो लाइन में दो बातें पूछी थीं। गलती किसकी है, और घर पर बताए बिना हो सकता है क्या। मेरे पास दोनों के जवाब थे। दो हफ्ते पहले।" थोडं थांबून म्हणाल्या, "वो लड़की अब भी यहीं कहीं है। उसने देख लिया कि बोलने से क्या होता है। और पांच दिन बचे हैं।"

मला रडू आलं. अडुसष्टाव्या वर्षी, पोलीस ठाण्यात, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. आयुष्यात मला कधी मेमो मिळाला नाही. बरोबर पत्ता शोधण्याची मला केवढी घमेंड! आणि कोणाचा जीव टांगणीला लागलेला असताना मी दुकानात पेन बघून खूश झालो होतो.

विचारलं, आता काय करू. म्हणाल्या, "जहां बिगाड़ा है वहां जाइए। और शनिवार को बच्चों के सामने आप बोलेंगे, मैं नहीं।"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रीकांतकडे गेलो. माफी त्याची नाही मागितली, स्नेहाची मागितली, त्याच्यासमोर. म्हटलं, "बेटा, चूक माझी. तुझा काही संबंध नव्हता." श्रीकांत भिंतीकडे तोंड करून उभा होता. धारची बॅग दाराशी भरून ठेवली होती, ती त्याने उचलून आत नेली.

स्नेहाने एवढंच विचारलं, "आजोबा, तुम्ही बाबांना सांगायच्या आधी मला का नाही विचारलं?" मला ते सुचलंच नव्हतं. पोरीबद्दल काही असलं की बापाला सांगायचं, हेच आम्हाला येतं.

निघताना ती दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "त्या दिवशी माझ्याकडून पानं कोणी घेतली, ते मला आठवतंय. पेन पण तिनेच..." आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की तिला माझीच दया येत असावी.

मी हात वर केला. म्हटलं, "मला नको सांगूस. मॅडमनाही नको. तिची तिला येऊ दे."

घरी येईपर्यंत वाटत होतं परत जावं आणि नाव विचारावं. चारच दिवस राहिलेत. नाही गेलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हॉल भरला होता. माझं हिंदी भाषणापुरतं कधीच नव्हतं, त्यात तोंड कोरडं. टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि सांगितलं: "इस पेटी में एक बच्ची ने दो बार मदद मांगी। मैंने दोनों चिट्ठियां दबा लीं और गलत घर जाकर किसी और का नुकसान कर आया। मैडम का कसूर नहीं, पेटी का कसूर नहीं। मेरा है।" पुढे पाठ केलेली आणखी दोन वाक्यं होती, ती विसरलो. म्हणून मनात आलं ते बोललो, "बेटा, तू जो भी है, तूने ठीक किया था। मुझे माफ कर दे।" कोणी हसलं नाही.

मग मॅडमनी त्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. म्हणाल्या, फोटो कोणीही पाठवलेला असो, धमकी देणारा गुन्हेगार, तू नाहीस. घरी सांगायला भीती वाटते तर आईबापच हवेत असं नाही, तुझा भरवसा असेल असं कोणीही एक मोठं माणूस बरोबर आण. वर्दीशिवाय भेटेन. नाव कुठे बाहेर जाणार नाही. आणि त्याने दिलेली तारीख ही त्याची आहे, आपली नाही, त्याच्या आधी ये. फळ्यावर स्वतःचा नंबर लिहिला आणि तो पुसू नका म्हणाल्या.

मी टोपी, शिट्टी आणि पेटीची किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी फक्त किल्ली घेतली.

परतताना देवश्री स्कूटरवर मागे बसली होती. पुलाजवळ म्हणाली, "आजोबा, तुम्हाला तिथे बोलायला भीती वाटली?" म्हटलं, खूप वाटली. "मग?" म्हटलं, "मग काय, बोललो."

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊला कुसुम बाहेर जायची साडी नेसून आली. मागे देवश्री. तिने आजीचा हात घट्ट धरला होता. कुसुम म्हणाली, "आम्ही परमार मॅडमकडे जाऊन येतो."

मी विचारणार होतो, कशाला. तोंड उघडलं आणि देवश्रीचा चेहरा दिसला.

इतके दिवस माझ्यासमोर होती. चहाला, जेवायला, स्कूटरवर. आलेखाच्या रेघा दिसल्या मला, पेन दिसलं. आणि ती विचारत होती, सगळं देता का, एवढेच प्रश्न होते का.

कसाबसा म्हणालो, "मी येऊ?"

देवश्रीने थोडा विचार केला. "सोडायला या. आत नका येऊ."

ऑटो केली. मॅडम साध्या सलवार-कमीजमध्ये होत्या. त्या तिघी आत गेल्या आणि दार लागलं. मी बाहेर बाकावर बसलो. सव्वादोन तास. भरवशाचं एक मोठं माणूस आण म्हटल्यावर पोरीने घरातलं बरोबर माणूस आणलं. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. आणि त्याहून जास्त हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

बाहेर आल्यावर कुसुमने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आजची तारीख. सकाळपासून घरात कोणाचाही फोन वाजला की मी उठून उभा राहत होतो. काही झालं नाही. दुपारी मॅडमचा कुसुमला फोन आला. कोणीतरी पस्तीस वर्षांचा बाप्या होता म्हणे, अकरावीतला मुलगा म्हणून बोलायचा. देवासमध्ये सापडला. त्याच्याकडे आणखी तीन मुलींचे फोटो मिळाले. याहून जास्त मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. देवश्री शाळेत गेली होती. स्नेहाही आली होती म्हणे. दोघी एका बाकावर बसल्या का, हे मला कळलेलं नाही.

संध्याकाळी देवश्री फोन घेऊन माझ्या खोलीत आली. म्हणाली, "मी बाबांना सांगून राहिली आहे. रीव्याला. सगळं. मीच सांगणार."

मी उठू लागलो. म्हटलं, "आजीला बोलावतो."

"आजी आहे बाहेर. तुम्ही इथे बसा."

"मी?"

"बाबा ओरडले तर मला कोणीतरी जवळ पाहिजे. फक्त मध्ये बोलू नका."

पलंगावर ती एका टोकाला बसली, मी दुसऱ्या. तिने नंबर लावला. आल्हादचा आवाज चढला, मग अडखळला. दोनदा मला वाटलं फोन हातात घ्यावा आणि त्याला समजावून सांगावं. त्याचा बाप आहे मी, माझं ऐकतो तो. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. ती सांगत होती. रडत होती, तरी सांगत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्या शब्दांत. चाळीस मिनिटं मी एक अक्षर बोललो नाही.